शाळेचा रंगमंच आणि गावाचा मान



अमरकोशात ‘मठ’ ह्या शब्दाचा अर्थ छात्रादिकांचे निवासस्थान असा दिलेला आहे. मठ म्हटल्यावर कोशकाराला प्रथम विद्यार्थी आठवला, ही गोष्ट मठाच्या शिष्यवर्गाने नित्य ध्यानात ठेवण्यासारखी आहे. म्हणून मठाच्या वर्धापनाच्या मंगल प्रसंगी एखाद्या खेड्यातील शाळकरी मुलांच्या संमेलनाचा विचार मांडला, तर तो अप्रस्तुत ठरू नये. संमेलन म्हणजे वर्षातून एकदा होणारी करमणूक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात संमेलनाचे कार्य त्याहून पुष्कळ मोठे असते, आणि ते विशेषेकरून पाचवी ते आठवीच्या वयातील मुलांच्या बाबतीत घडते. उदाहरणादाखल डिचोली तालुक्यातील मये हा गाव घेऊ.

मये म्हटले की परगावच्या माणसाला तेथील तलाव आठवतो. टेकड्यांच्या कुशीतले ते शांत पाणी पाहावयास प्रवासी येतात आणि परत जातात. गावकऱ्यांचे मये ह्याहून विस्तृत आहे. केळबाईवाडा, गावकरवाडा, हळदणवाडी, पैरा, तिखाजन असे त्याचे वाडे दूर दूर पसरलेले आहेत. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई आणि मयेची महामाया ह्या बहिणी होत, अशी ह्या भागाची श्रद्धा आहे. त्या नात्याने हे गावही एकमेकांचे सोयरे झाले आहेत. जवळच नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. त्याचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. डिचोलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादींबरोबर. तोवर पहिल्या धर्मच्छळाचा जोर ओसरला होता. त्यामुळे येथील देवळे राहिली, जत्रा राहिल्या, आणि देवळासमोरचा रंगमंचही राहिला.

ह्या रंगमंचाचे महत्त्व गोमंतकीयांस निराळे सांगावयास नको. जत्रेच्या रात्री गावातीलच मंडळी तोंडास रंग लावून उभी राहतात. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री राजा होतो, दुकानदार सेनापती होतो, आणि समोर बसलेला गाव त्यांना ओळखत असूनही त्या रात्रीपुरता त्यांना राजा व सेनापतीच मानतो. पेडणे महालात दशावतार, डिचोली-सत्तरीकडे शिगम्यातील घोडेमोडणी, ठिकठिकाणी गवळणकाला आणि भजनी सप्ताह, असा हा पसारा आहे. ह्या सर्वांत एक व्यवस्था समान आहे. कोणी तरंग धरावयाचे, कोणी दिवटी धरावयाची, कोणी वाद्य वाजवावयाचे, हे ठरलेले असते. त्यास ‘मान’ म्हणतात. मान लहान असो वा मोठा, तो ज्याचा आहे त्याच्यावाचून उत्सव पुढे सरकत नाही. गाव एकत्र राहतो तो ह्या मानाच्या बळावर.

मात्र देवळातील मान कुळपरंपरेने चालतो. तो बापाकडून मुलाकडे जातो, आणि ज्याच्या कुळास तो नाही त्याने दुरून हात जोडावयाचे असतात. त्या रीतीची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या मुलाच्या घराण्याला कोणताच मान नाही, त्याने ‘हा गाव माझा आहे’ असे कशावरून म्हणावे, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाचे एक उत्तर शाळेने दिले.

पूर्वी गोव्यातील खेड्यांत शेणवीमाम मुले शिकवीत. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर ती शाळा भरे. मोडी, पाढे, स्तोत्रे आणि हिशेब, एवढा तिचा अभ्यासक्रम. पोर्तुगीज राजवटीत मराठी शाळा चालल्या त्या बहुतांशी लोकांच्या वर्गणीवर आणि निष्ठेवर. ज्यांच्या घरी दोन वेळचे अन्न होते त्यांची मुले शिकली; बाकीची गुरांमागे गेली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि त्यांनी खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडण्याचे काम हाती घेतले. त्यानंतर थोड्याच वर्षांत वाड्यावाड्यांतील मुले एका बाकावर बसू लागली. गावकराचा मुलगा, कुळाचा मुलगा, कुंभाराचा मुलगा एकाच हजेरीपटात आले, आणि त्यांच्या बहिणीही आल्या. हजेरी घेताना प्रत्येकाचे नाव उच्चारले जाते, ह्या साध्या गोष्टीत केवढे परिवर्तन सामावले होते, हे आज सहज ध्यानात येत नाही.

मये गावाच्या संदर्भात तर नाव उच्चारले जाण्याला आणखी एक अर्थ आहे. पोर्तुगीज अमदानीत गावातील फार मोठी जमीन ‘मयेचे कोंद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरदार घराण्याच्या मालकीची होती. मुक्तीनंतर मालक देशाबाहेर असल्याने ती निर्वासितांची मालमत्ता ठरली, आणि १९६४च्या कायद्यान्वये तिच्यावर सरकारी अभिरक्षक, म्हणजे कस्टोडियन, नेमला गेला. पिढ्यान्‌पिढ्या जी कुटुंबे ती जमीन कसत होती, ज्यांनी तेथे घरे बांधली आणि माड लावले, त्यांचे नाव मालक म्हणून कागदावर नव्हते. गोवा मुक्त झाला, पण मये मुक्त झाले नाही, अशी व्यथा गावकरी बोलून दाखवीत. दीर्घ लढ्यानंतर २०१४ साली गोवा विधानसभेने अशा मालकी हक्कांचे, किताबांचे व भूदानांचे उच्चाटन करणारा कायदा संमत केला आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने सनदा देण्यास आरंभ झाला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ ह्या गावातील कित्येक घरांत असे होते की, बापाचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर नाही, पण मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटात आहे. बक्षीस-समारंभात ते नाव साऱ्या गावासमोर मोठ्याने पुकारले जाई. त्या पुकारण्याची किंमत पेल्याच्या किंवा पुस्तकाच्या किमतीवरून करता येणार नाही.

आता पाचवीच्या उंबरठ्याकडे वळू. गोव्यातील खेड्यांत प्राथमिक शाळेच्या चार इयत्ता मराठीतून किंवा कोकणीतून होत आल्या आहेत. १९९० साली तर सरकारी अनुदान ह्याच भाषांतील प्राथमिक शाळांपुरते ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. २०११ साली इंग्रजी शाळांनाही ते खुले झाले. परंतु पाचवीत पाऊल टाकताच बहुसंख्य मुलांचे माध्यम इंग्रजी होते. इतिहास, भूगोल, शास्त्र, गणित हे सारे विषय एका सुटीत परभाषेत जातात. चौथीत जो मुलगा हात वर करून उत्तरे देत होता, तो जूनमध्ये गप्प होतो. त्याला उत्तर ठाऊक असते. वाक्य ठाऊक नसते. शिक्षकाला वाटते मुलगा मंद आहे. घरी आईला वाटते अभ्यास करीत नाही. मुलगा मात्र स्वतःविषयीच संशयात पडतो, आणि दहा-अकरा वर्षांच्या वयात स्वतःविषयी पडलेला संशय पुढे फार काळ टिकतो. गुणपत्रकात ह्या मौनाचा रकाना नाही.

नेमक्या ह्याच वयात शाळेचा रंगमंच उपयोगी पडतो. नवरात्रात गोव्यातील शाळांतून सरस्वतीपूजन होते. पाटीवर सरस्वती रेखली जाते, पालक नैवेद्य घेऊन येतात, आरत्या होतात आणि मग मुलांचे कार्यक्रम सुरू होतात. पुढे वार्षिक संमेलन येते: ईशस्तवन, स्वागतगीत, अहवालवाचन, पाहुण्यांचे भाषण, बक्षिसे आणि त्यानंतर नाट्यछटा, फुगड्या, समूहगीते व एखादे नाटुकले. ह्या ठिकाणी मुलाला आपली भाषा परत मिळते. वर्गात ज्याला ‘माय नेम इज’च्या पलीकडे जाता येत नव्हते, तो येथे लांबलचक संवाद न अडखळता म्हणतो, आणि वर्गात पुढच्या बाकावर बसणारी मुले टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी तो वर्गात येतो तो निराळा मुलगा असतो. इंग्रजी त्याला एका रात्रीत आले नाही. पण ‘मला येत नाही’ हे वाक्य त्याच्या मनातून गेले, आणि शिकण्याला ह्याहून अधिक पूर्वतयारी लागत नाही.

मराठीतील नाट्यछटा हा प्रकार ज्यांनी रुजविला, ते दिवाकर, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (१८८९–१९३१), स्वतः पुण्यात शाळाशिक्षक होते, हे येथे आठवते. एकच पात्र बोलते, समोर कोणी आहे असे मानून बोलते, आणि चार-पाच मिनिटांत एक स्वभाव उभा राहतो. नेपथ्य नको, पोशाख नको, खर्च नको. गरीब शाळेला ह्याहून सोयीचा नाट्यप्रकार सापडणार नाही.

शिवाय नाटुकल्याच्या तालमीत मुलाला जे शिकावयास मिळते ते कोणत्याही धड्यात नसते. दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते. आपला प्रवेश चुकला तर दहा जणांची मेहनत वाया जाते, हे उमजते. पडदा ओढणारा मुलगा क्षणभर गाफील राहिला तर राजाचे मरण हास्यास्पद होते. पडद्यामागून वाक्य सुचविणाऱ्या मुलीला सबंध नाटक पाठ असते, पण तिचा चेहरा कोणाला दिसत नाही. आई आपले जुने लुगडे देते, कोणी मावळा होण्यासाठी आजोबांचा रुमाल आणतो, कोणी झावळ्या व बांबू आणून माटव घालतो. जत्रेतील मानाची जी व्यवस्था वर सांगितली, तीच येथे पुन्हा उभी राहते. भेद इतकाच की, हा मान कुळावरून मिळत नाही. जो काम करतो त्याला तो मिळतो.

मुलींच्या दृष्टीने ह्या रंगमंचाचे ऋण विशेष आहे. दशावतारात आणि गावच्या उत्सवी नाटकांत स्त्रीभूमिका पुरुष करीत. गाणे व नृत्य ह्यांचा वारसा ज्या घराण्यांनी देवळांच्या आश्रयाने सांभाळला, त्या घराण्यांतील स्त्रियांची कला समाजाने ऐकली, पण त्या स्त्रियांना समान प्रतिष्ठा दिली नाही. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) ह्या दोघी गोव्यातील खेड्यांतून निघाल्या आणि अखिल हिंदुस्थानात मान्यता पावल्या. केसरबाईंचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानांतील ध्वनिमुद्रिकेबरोबर अंतराळातही गेला. त्यांच्या बालपणी कोणा शाळेने त्यांना व्यासपीठावर उभे करून गावाकडून कौतुक करविले नव्हते. मोगूबाईंना तर लहान वयातच नाटक मंडळीत जावे लागले. आज कोणत्याही घरातील मुलगी शाळेच्या मंचावर गाते, फुगडी घालते, जिजाबाईची भूमिका करते, आणि तिचा बाप पहिल्या रांगेत अभिमानाने बसतो. हा पालट एका दिवसात झाला नाही. वर्षानुवर्षे शाळेच्या मास्तरांनी घरोघर जाऊन ‘मुलीला नाटकात घेतो’ म्हणून पालकांची समजूत घातली, तेव्हा तो झाला.

येथे कोणी असे म्हणेल की, पोटापाण्याच्या विद्येपुढे नाटकाचे एवढे स्तोम कशाला? ह्या शंकेचे उत्तर दूरदेशीच्या एका घटनेत आहे. यानुश कोर्चाक नावाचे पोलंडमधील एक वैद्य वॉर्साच्या ज्यू वस्तीत सुमारे २०० अनाथ मुलांचे पालन करीत होते. भोवती भूक, रोग आणि नाझींचा पहारा होता. अशा स्थितीत १८ जुलै १९४२ रोजी त्यांच्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले. आजारी व घरात कोंडलेला अमल नावाचा मुलगा राजाच्या पत्राची वाट पाहतो, असे त्याचे कथानक आहे. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच ती मुले आणि त्यांच्याबरोबर स्वेच्छेने गेलेले कोर्चाक ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले गेले. ज्यांच्यापाशी खावयास पुरेसे नव्हते, त्यांच्या पालकाला मुलांच्या हाती नाटक द्यावेसे वाटले. मुलाला अन्नाइतकीच धीराची गरज असते, आणि बंगालमधील एका कवीच्या शब्दांतून तो धीर पोलंडमधल्या मुलांना मिळू शकतो, हे त्या माणसाने जाणले होते. मयेच्या मुलांवर, ईश्वरकृपेने, तसा प्रसंग नाही. पण धीराची गरज मूल कोठलेही असो, सारखीच असते.

मग गौरवाचा प्रश्न येतो. गावातील संस्था, देवस्थाने व मठ गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतात, ही प्रथा स्तुत्य आहे. तथापि सत्कार बहुधा गुणांच्या टक्केवारीवर होतो आणि दरवर्षी त्याच चार घरांत जातो. उरलेली मुले टाळ्या वाजविण्यासाठी बोलावलेली असतात. पहिला आला त्याचे कौतुक कमी करावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जो पडदा ओढतो, जी लहान भावंडाला कडेवर घेऊन तालमीला येते, जो तिखाजनाहून भर पावसात पायी येऊनही हजेरी चुकवीत नाही, जो संमेलनानंतर कोणी न सांगता खुर्च्या उचलतो, त्याचेही नाव कोणीतरी पुकारले पाहिजे. देवीच्या उत्सवात दिवटी धरणाऱ्याला नारळ मिळतो. त्यामागील शहाणपण आपल्या पूर्वजांना होते; ते शाळेच्या व्यासपीठावर विसरण्याचे कारण नाही.

आज ह्या रंगमंचावर दोन संकटे आहेत. पहिले असे की, संमेलन दिवसेंदिवस विकतचे होत चालले आहे. बाहेरून नृत्य बसविणारा येतो, पोशाख भाड्याने येतात, चित्रपटातील गाणे यंत्रावर लागते, आणि मुले ओठ हलवितात. ज्या मुलाला आपला आवाज सापडावा म्हणून मंच उभारला, त्यालाच आवाज काढण्याची मुभा उरत नाही. ज्या पालकाला भाडे परवडत नाही, त्याचा मुलगा त्या दिवशी तापाने आजारी पडतो. दुसरे संकट अधिक गंभीर आहे. पटसंख्या घटल्यामुळे गोव्यातील कित्येक सरकारी प्राथमिक शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळांत विलीन झाल्या. वाड्यावरची शाळा मिटली की तेथले सरस्वतीपूजन मिटते, आणि तो वाडा वर्षातून एकदा जेथे जात-पात, मान-पान बाजूस ठेवून एकत्र बसत होता, ते ठिकाणच नाहीसे होते.

ह्या दोन्ही बाबतींत भाविकांस करता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यास द्रव्य फार लागत नाही. भजनी मंडळातील जाणत्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेला द्यावी. पेटी, पखवाज आणि टाळ मुलांच्या हाती द्यावेत. मनोहरबुवा शिरगावकर ह्यांच्या स्मरणार्थ कला अकादमी भजनस्पर्धा भरविते. गावागावांतील मुलांची पथके अशा स्पर्धांपर्यंत पोचावीत. घुमटाला गोवा सरकारने २०१९ साली राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. त्याला घोरपडीचे कातडे लावणे वन्यजीवरक्षणाच्या कायद्याने निषिद्ध झाल्यापासून बकरीचे कातडे लावण्याची रीत आली. तशा घुमटावर आरतीचा ठेका मुलांना शिकविणारी माणसे अजून खेड्यांत आहेत. आयांनी फुगडीच्या गाण्यांची वही मुलींच्या स्वाधीन करावी. शाळेला सभागृह नसेल तर देवळाचा मंडप किंवा मठाचे सभागृह त्या संध्याकाळपुरते मोकळे करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या मुलाचा कार्यक्रम झाल्यावर उठून जाऊ नये. शेवटच्या कार्यक्रमातील मुलगा रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहिला, तर सकाळपासून मिळालेली सारी शिकवण त्याच्यापुरती व्यर्थ होते.

कोशकाराने मठाला छात्राचे घर म्हटले. घर कोणते म्हणावे? जेथे आपले नाव घेऊन हाक मारली जाते, आपण बोललो तर ऐकले जाते, आणि आपल्या वाट्याला काही काम असते, ते घर. मये गावातील अनेक कुटुंबांना आपल्या घराचा कागद मिळण्यासाठी अर्धशतक वाट पाहावी लागली. त्यांच्या मुलांना शाळेच्या मंचावर आपल्या नावाची हाक ऐकण्यासाठी तेवढी वाट पाहावी लागू नये. ती हाक मोठ्याने, स्पष्ट उच्चाराने आणि साऱ्या गावाच्या साक्षीने दिली जावी, आणि ती देताना यादीतील शेवटचे नावही वगळले जाऊ नये, एवढीच मंगल प्रसंगी प्रार्थना.